आयरिश रील-जिगला गिटारची साथ

रील, जिग अशा आयरिश नृत्यधुनांत फिडल (व्हायोलिन), फ्लूट, पाइप सगळे मिळून एकच चाल वाजवतात. संगीताचा सगळा ऐवज त्या चालीतच असतो. गिटारने द्यायचा तो पक्का ठेका आणि चालीला न अडवणारा आधार.

गिटार 'डॅडगॅड' लावणीत (म्हणजे तारा सुरात लावायच्या या पद्धतीत) लावा. नेहमीच्या लावणीतली सहावी, दुसरी आणि पहिली तार प्रत्येकी दोन फ्रेटइतकी उतरवली की जाड तारेपासून डी-ए-डी-जी-ए-डी मिळतं. १९७०च्या दशकात आयरिश गिटारवादक मीहॉल ओ डोनल यांनी ही लावणी आयरिश साथीत रुजवली. सहावी तार सैल पडून फरफरत असेल तर ०.०५३ इंच जाडीच्या तारेऐवजी ०.०५६ची चढवा.

कॉर्डची (एकत्र छेडायच्या सुरांची) बोटं सहाव्या तारेपासून अशी, आकडा म्हणजे फ्रेट आणि ० म्हणजे मोकळी तार: डी ०-०-०-२-०-०, जी ५-५-०-०-०-०, ई मायनर २-२-२-०-०-०. ए वाजवताना सहावी तार सोडा, पुढच्या पाच ०-२-२-०-०. डी, जी आणि ए या तिन्हींत गंधारच नाही, आणि या लावणीचं खरं बळ तेच. ए पट्टीतल्या काही धुना काफी थाटाच्या स्वरांत असतात, काही खमाजच्या. गंधार कोमल की शुद्ध, हे चालच ठरवते; तुमचे ए आणि जी दोन्हीकडे चालतात. नेहमीचा भरगच्च ए मेजर काफीच्या चालीखाली दाबलात, तर पहिल्याच आवर्तनात खटका उडेल.

आता उजवा हात. अर्ध्याहून अधिक सराव इथेच द्या. रीलमध्ये आठ बारीक ठोके: खाली-वर, खाली-वर, जोर पहिल्या आणि पाचव्यावर. जिगमध्ये तीन-तीनचे दोन गट, आणि हात खाली-वर-खाली, खाली-वर-खाली असाच चालला पाहिजे. म्हणजे तिसरा आणि चौथा असे दोन स्ट्रोक लागोपाठ खालीच येतात. नवशिके तिथेच अडखळतात आणि सरळ खाली-वर करत सुटतात. मग चौथा ठोका वरच्या स्ट्रोकवर येऊन फिका पडतो, कान दोन-दोनचे तीन गट ऐकू लागतो आणि जिगची झुलती चाल मोडते. डाव्या हाताने सगळ्या तारा हलकेच दाबून नुसता खडखडाट करत हे बसवा. मेट्रोनोम ८०वर, प्रत्येक टिकेला एक गट. ११०पर्यंत मनगट सैल राहिलं की मगच कॉर्ड घाला. स्लिप जिगमध्ये असेच तीन गट. हॉर्नपाइप रीलच्याच चौकटीतला, पण संथ आणि डुलता.

बहुतेक धुना ३२ मात्राखंडांच्या (बारच्या): आठ खंडांचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा. पहिल्या आवर्तनात जाड दोन-तीन ताराच हलक्या छेडा आणि भाग कोणत्या सुरावर विसावतोय ते ऐका. बहुधा पट्टी तीच असते. दर ठोक्याला कॉर्ड बदलू नका. एका खंडाला एक पुरते. भागाच्या शेवटच्या खंडात मात्र दोन लागतात, कारण चाल तिथे वळून घरी येते.

दोन-तीन आवर्तनांनंतर न थांबता पुढची धून सुरू होते, अनेकदा वेगळ्या पट्टीत. कॅपो (पट्टी चढवायला गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा) सरकवायला तेव्हा वेळ नसतो, म्हणून डी, जी आणि ए या पट्ट्या कॅपोशिवाय हातात बसवून ठेवा. सेशनमध्ये, म्हणजे वादकांच्या अनौपचारिक बैठकीत, आधीच एक गिटार वाजत असेल, तर विचारल्याशिवाय आपली काढू नका. दोघांच्या कॉर्ड वेगळ्या पडल्या की वादकांच्या पायाखालची जमीनच सरकते.