फोलिक ॲसिडची गोळी घेताना या चुका टाळा

आमच्या दुकानात सगळ्यात बिनधास्त मागितली जाणारी गोळी म्हणजे फोलिक ॲसिड. 'ती छोटी पिवळी द्या,' एवढंच. स्वस्त आहे, जीवनसत्त्वच तर आहे, मग विचारायचं काय? काउंटरमागे उभं राहून मी ज्या चुका पाहतो, त्या बहुतेक याच बिनधास्तपणातून होतात.

दिवस गेल्यावर सुरू करणं

ही सगळ्यात मोठी. पाळी चुकली, आठ-दहा दिवस वाट पाहिली, घरी तपासलं, डॉक्टरांकडे नंबर लागला, चिठ्ठी घेऊन दुकानात आले, तोवर दोन महिने होत आलेले. बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून घडतो, ती गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत मिटते. म्हणजे पाळी चुकली त्या दिवसापासून जेमतेम दोन आठवडे. ती नीट मिटली नाही तर स्पायना बायफिडासारखं, म्हणजे पाठीचा कणा नीट न मिटल्याचं, व्यंग राहू शकतं. म्हणून मूल हवं असं ठरलं की किमान महिनाभर आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम, आणि पुढे 12 आठवडे. 'दिवस गेल्याशिवाय कसली गोळी?' असं सासूबाई विचारतात. त्यांना सांगा, ही गोळी दिवस जाण्याआधीचीच आहे.

उशीर झालाच असेल तर 'आता काय उपयोग' म्हणून सोडू मात्र नका. रक्त तयार व्हायलाही फोलेट, म्हणजे ज्याचं गोळीतलं रूप फोलिक ॲसिड ते जीवनसत्त्व, लागतं. हे कळलं ते आपल्या मुंबईत. 1928 साली ल्युसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर इथे आली आणि गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या ॲनिमियाचा अभ्यास करू लागली. यीस्टचा अर्क दिल्यावर त्यांचं रक्त सुधारलं. त्या अर्कातली करामत फोलेटची होती, हे पुढे स्पष्ट झालं.

मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम

दुकानात सर्रास मिळते ती 5 मिलिग्रॅमची गोळी, म्हणजे 5000 मायक्रोग्रॅम. 400 च्या साडेबारा पट! आधीच्या बाळाला असं व्यंग होतं, फिटची औषधं चालू आहेत किंवा सिकलसेल आहे, अशांना डॉक्टर हा मोठा डोस देतात. वहिनीला दिली म्हणून आपणही तीच घ्यायची, असं नसतं. फिटच्या औषधांवर असाल तर स्वतःहून सुरूही करू नका, कारण फेनिटोइन या फिटच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण फोलिकमुळे उतरू शकतं.

आशाताई देतात ती लाल गोळी वेगळी. तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फोलिक असतं, आणि ती चौथ्या महिन्यापासून. शौचाला काळं होतं ते लोहामुळे, बिचाऱ्या फोलिकमुळे नव्हे. ही लाल गोळी चहासोबत घेऊ नका.

बी-12 विसरणं

दूध-अंडीही फारशी पोटात न जाणाऱ्या शाकाहारी घरांत हे नेहमीचं. थकवा आला, हिमोग्लोबिन कमी निघालं, फोलिक सुरू केलं, रिपोर्ट सुधारला, सगळे खूश. पण मूळ कमतरता बी-12ची असेल तर रक्त सुधारतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं असं काही असेल तर आधी बी-12 तपासा.

दोन पिवळ्या गोळ्या

याची मला खरी भीती वाटते. संधिवाताला मेथोट्रेक्झेट देतात, तेही आठवड्यातून एकदाच. तिचा त्रास कमी व्हावा म्हणून जोडीला फोलिक, बहुधा दुसऱ्या वारी. दोन्ही गोळ्या बारीक, अनेकदा दोन्ही पिवळ्या. एक आजोबा त्यांचा डबा घेऊन आले, आत कात्रीने कापलेले पट्टीचे तुकडे. नाव एकावरही नाही, कारण चार-चार गोळ्या कापून देताना ते दुसऱ्याच्या वाट्याला गेलेलं. रोज कोणती घेता, विचारलं तर म्हणाले, 'पिवळी.'

अदलाबदल होऊन मेथोट्रेक्झेट रोज पोटात गेली तर तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी घसरतात, जीवावरही बेततं. तशी शंका आली तर थेट दवाखाना गाठा, फोनवर सल्ले विचारत बसू नका. आणि पट्टी कापून घेऊच नका, अख्खी मागा. मेथोट्रेक्झेटच्या पट्टीवर वार मोठ्या अक्षरांत लिहा, 'सोम' नको, 'फक्त सोमवार'. आजोबांच्या पट्टीवर मी लाल पेनने लिहून दिला.