कसारा लोकल आणि एक गाव: मुंबईहून एका दिवसात खेड्यात कसं जावं

पावसाळ्यात मुंबईजवळच्या खेड्यांत गाड्या भरभरून लोक येतात. धबधब्याखाली भिजतात, रस्त्याकडेला मॅगी खातात आणि अंधार पडायच्या आत परत फिरतात. तो धबधबा कुठल्या गावाच्या हद्दीत आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. मला याचं वाईट वाटतं, कारण बघण्यासारखं असतं ते गावच. म्हणून माझं पहिलं सांगणं एवढंच की, दिवस एक असेल तर गावही एकच निवडा.

मी ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याबद्दल लिहिते आहे, कारण माझं जाणं-येणं तिथे आहे. मुरबाड, कर्जत, वाडा, जव्हार इथेही हीच रीत चालते. पण शहापूरचं आपल्यावर देणं आहे. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं याच तालुक्यात. तानसाचं पाणी तर १८९२ पासून मुंबई पिते आहे. ज्यांच्या गावचं पाणी आपण पितो त्यांची ओळख असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

आधी माणूस, मग गाव

गावात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, "कोणाकडं आलीस?" त्यात संशय नसतो, साधी चौकशी असते. तरी उत्तर लागतंच. पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्याकडे ते नव्हतं. तासभर देवळाच्या पायरीवर बसले आणि परत आले. पुढच्या वेळी उत्तर घेऊनच गेले, आणि ते मला ठाणे स्टेशनबाहेर मिळालं होतं. पावसाळ्यात ठाण्या-कल्याणला रानभाज्यांची पाटी घेऊन बसणाऱ्या बऱ्याच बायका याच पट्ट्यातून लोकलने येतात. दोन-चार वेळा त्यांच्याकडून भाजी घ्या, गाव विचारा, आणि ओळख झाली की "मावशी, आवणी बघायला येऊ का?" असं सरळ विचारा. आवणी म्हणजे भातलावणी. सोसायटीचे वॉचमनकाका किंवा ऑफिसातला एखादा सहकारी, कोणाचं ना कोणाचं गाव तिकडचं निघतं. अगदीच ओळख नसेल तर कृषी पर्यटन केंद्र आहेच.

केव्हा जायचं

जूनअखेर ते जुलै हे आवणीचे दिवस. हे सगळ्यात चांगले. दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि झोडणी असते, तेव्हा खळ्यावर बसायला मिळतं. गुरांचा बाजार बघायचा असेल तर पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हसा गावच्या यात्रेला जा, तिथल्या घोंगड्याही प्रसिद्ध आहेत. एप्रिल-मे मात्र टाळा. मुंबईला पाणी देणाऱ्या याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर तेव्हा टँकरची वाट बघावी लागते. हंड्याहंड्याने पाणी भरणाऱ्या घरात त्या दिवसांत पाहुणा होऊन जाऊ नये.

लोकल आणि एस.टी.

सकाळी सहाच्या सुमाराची कसारा किंवा आसनगाव लोकल पकडा. टिटवाळा, खडवली, वासिंद करत सीएसएमटीहून आसनगावला पोचायला दोन तासांच्या आसपास लागतात. या मार्गावर गाड्या कमी आहेत. एक चुकली की बराच वेळ फलाटावर काढावा लागतो, तेव्हा परतीचं वेळापत्रक आधीच बघून ठेवा. आसनगावला उतरून शेअर रिक्षाने शहापूर एस.टी. स्टँड गाठा, तिथून डोळखांब, किन्हवलीकडे गाड्या सुटतात. एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे. बसल्याबसल्या कंडक्टरला दोन गोष्टी विचारा: परतीची शेवटची गाडी किती वाजता, आणि ती नक्की कुठे थांबते. मुक्कामाची गाडी संध्याकाळी गावात येते आणि सकाळीच निघते, तिच्या भरवशावर राहू नका. सुटे पैसे जवळ ठेवा, रेंज नसली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत.

खाचरात

आवणी बांधावरून बघण्यात अर्धीच मजा आहे. चिखलात उतरायचं असेल तर आधी विचारा. हा त्यांच्या वर्षभराच्या भाताचा प्रश्न आहे. चपला बांधावर काढा. पायाला जखम किंवा चीर असेल तर मात्र उतरूच नका, अशा पाण्यातून लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, लागण होऊ शकते. घरी आल्यावर काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना चिखलात उतरल्याचं आवर्जून सांगा.

मला आवणी शिकवली ती साठीच्या पुढच्या एका आजींनी. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या हाताने त्यातली तीन-चार काडी सुटी करायची, आणि अंगठा व दोन बोटांच्या चिमटीत मुळं धरून चिखलात हलकेच टेकवायची. मी जोर लावून खोल खोचत होते. आजींनी माझी रोपं उपटून दाखवली. "इतकं खोल नाय. मूळ गुदमरतं." लावत लावत मागे सरकायचं असतं, म्हणजे लावलेल्यावर पाय पडत नाही. मी दहा मिनिटांत कंबर धरली. आजी सकाळी सातपासून वाकलेल्या होत्या, आणि शेजारच्या बाईशी नातीच्या शाळेबद्दल बोलत होत्या.

तेव्हापासून तांदूळ निवडताना माझा हात सावकाश चालतो.

जेवण, पैसे, फोटो

जेवणाचं आदल्या दिवशी फोनवर सांगा, ऐनवेळी नको. आवणीच्या दिवसांत घरची बाई स्वतः शेतात असते. ताटात तांदळाची किंवा नागलीची भाकरी, डाळ, सुकट, ठेचा असं काहीबाही येईल. त्याचे पैसे द्यायचेच. हातावर ठेवायला संकोच वाटला तर घरातल्या आजींकडे द्या. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. चहा-साखरेचा पुडा कोणत्याही घरात उपयोगी पडतो. पोरांना रस्त्यात चॉकलेटं आणि नोटा वाटू नका, त्याने मुलं गाड्यांमागे धावायला शिकतात. वाकून काम करणाऱ्या बायकांचे फोटो न विचारता काढू नका. काढलेच तर प्रिंट करून पुढच्या खेपेला नेऊन द्या. धरणाच्या भिंतीवर परवानगीशिवाय जाता येत नाही, त्यामुळे तिथे हुज्जत घालण्यात वेळ दवडू नका.

पिशवीत काय आणायचं

कुर्डू, टाकळा, करटुली अशा रानभाज्यांतलं जे मिळेल ते. घासाघीस करू नका, त्यासाठी कोणीतरी रानात पायपीट केलेली असते. जूनच्या पहिल्या पावसातच गेलात तर शेवळं मिळतील. ती घेताना सोबत काकडं मागून घ्या. ही छोटी, हिरवी, आंबट फळं असतात. मी एकदा ती न घेता आले आणि भाजी तशीच केली, तर घरातल्या सगळ्यांचा घसा रात्रभर खाजत होता. शेवळांची वरची सालं काढा, आतला पिवळा भाग टाकून द्या, उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परता. मग बिया काढून वाटलेली काकडं घाला. काकडं नसलीच तर चिंचेचा कोळ सढळ हाताने घाला. सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, असतील तर भिजवून तेही टाका आणि झाकण ठेवून मंद आचेवर पूर्ण शिजू द्या.