चावी मिस्तरीच्या खिशात

दिवाळी उलटून थंडी पडली की आमच्या गॅरेजला एकाच तऱ्हेचे फोन येतात. ‘मिस्तरी, गाडी सकाळी आवाज करते, मग गप होते.’ आयटीआयमधून मेकॅनिक डिझेल करून नुकत्याच कामाला लागलेल्या पोरांना असल्या गाड्या नकोशा वाटतात, कारण गाडी दारात येईपर्यंत आवाज गेलेला असतो आणि ड्रायव्हर छातीठोकपणे सांगत असतो की तो होता. मी नाशिकला मुंबई-आग्रा महामार्गावर सोळा वर्षं ट्रकची इंजिनं खोलतोय. नव्याने आलेल्याला मी पहिली गोष्ट सांगतो ती अशी की थंड इंजिन दिवसातून एकदाच मिळतं. एकदा चालू झालं की पुन्हा तसं व्हायला रात्र जावी लागते. त्यामुळे गाडी आदल्या संध्याकाळी उभी करून घ्या आणि चावी आपल्या खिशात ठेवा. आमचे उस्ताद तर चावी घरी न्यायचे.

सकाळी आल्यावर आधी मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांना, हात लावा. कोमट लागला तर समजा, कुणीतरी पहाटे सेल्फ मारलेला आहे. थंडगार असेल तर फोनवर घड्याळ लावा आणि मगच चावी फिरवा. आवाज कसला, हे ओळखायला वर्षं जातात. तो किती वेळ राहिला आणि कशाने बदलला, हे मात्र पहिल्या दिवसापासून लिहून ठेवता येतं. निदान बहुतेक वेळा त्यातूनच निघतं.

थंडीतली खडखड ही मुळात डिझेल इंजिनची जातच आहे. स्पार्क प्लग नसतो. हवा साधारण सतरापट दाबली जाते, ती ५०० अंशांच्या वर तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. थंडीत बॅटरी मंद, ऑइल जाड, त्यामुळे इंजिन हळू फिरतं. दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने निसटते आणि तिची उष्णता गार लायनर (सिलेंडरची आतली नळी) आणि हेड खाऊन टाकतात. डिझेल पेटायला जरा उशीर होतो. तेवढ्या वेळात ते साठतं आणि मग सगळं एकदम भडकतं. तोच खटका आपल्याला ऐकू येतो. सोबत डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येतो, ते न जळलेलं डिझेल. कॉमन रेलच्या, म्हणजे एकाच दाबाच्या नळीतून कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या गाड्यांत मुख्य फवाऱ्याआधी थेंबभर डिझेल सोडलं जातं म्हणून हा खटका मऊ असतो, जुन्या पंपाच्या गाड्यांत तो गल्लीभर ऐकू जातो. निफाडला पारा कधी पाच अंशांच्या खाली जातो, तिथेसुद्धा धडधाकट इंजिनाची ही खडखड दोन-तीन मिनिटांत ओसरते.

ओसरली नाही आणि एकाच ठोक्याला वाजत राहिली तर नोझल, म्हणजे डिझेल फवारणारं तोंड, बघा. जुन्या पंपाच्या गाडीत एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा फेरा ढिला करायचा. ज्या नटाला आवाज बदलला तो सिलेंडर आपला. कॉमन रेलवर हे चुकूनही करू नका. तिथे पाइपात १,६०० बारच्या वर दाब असतो, ती बारीक धार कातडी फोडून डिझेल आत घालते. जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापावं लागतं. तिथे सिलेंडर बंद करून बघायचं ते स्कॅनरवरून.

टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची, टिकटिक वरून येते, हेडच्या झाकणातून. रात्रभरात ऑइल खाली उतरलेलं असतं, ते रॉकरपर्यंत चढायला काही सेकंद लागतात, तेवढं माफ. त्यापुढे टिकटिक राहिली तर फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घ्या आणि व्हॉल्व्हची फट मोजा. बारा व्हॉल्व्हच्या जुन्या कमिन्स बी सिरीजला इनटेक ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५१ मिमी, तेही इंजिन थंड असताना. इथे एक ठगी कळून घ्या. विकायला काढलेल्या गाडीत झिजलेल्या बेरिंगचा खालून येणारा आवाज दाबायला २० डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइल भरतात. दिवसा इंजिन गोड वाजतं, पण सकाळी टॅपेट नेहमीपेक्षा जास्त वेळ बोंबलतात. त्या आकड्यातला डब्ल्यू हिवाळ्याचा आहे. १५ डब्ल्यूच्या ऑइलवर गार इंजिन फिरेल की नाही याची चाचणी उणे २० अंशाला होते. म्हणजे १५ डब्ल्यू-४० ला नाशिकची थंडी काहीच नाही.

पिस्टनचा आवाज पोकळ येतो, रिकाम्या डब्यावर बोटाने वाजवल्यासारखा. ॲल्युमिनियम गारठ्यात जास्त आकसतं, पिस्टन लायनरमध्ये सैल पडून आपटतो. तापला की फुगतो आणि गप बसतो. गरम झाल्यावरही तो वाजत असेल तर लायनर झिजलेत. हे बोलायला सोपं आहे. कानाला लांब स्क्रू ड्रायव्हर लावून ब्लॉक ऐकायची सवय मला लागायला तीन हिवाळे गेले. हे करताना गळ्यातला मफलर काढून ठेवा. थंडीत गळ्यात मफलर आणि समोर फिरता फॅन, ही जोडी मला आजही बघवत नाही.

आता माझी फजिती. माझा दुसरा हिवाळा होता. एक दहा टायरची गाडी आली, चालू झाली की ब्लॉकच्या बाजूने जड ठक-ठक, तीन-चार मिनिटांनी बंद. खालून येणारा जड आवाज म्हणजे मेटल (क्रँकचं बेरिंग) गेलं, हे मी पाठ केलेलं. उस्ताद गावाला गेलेले. ड्रायव्हर बिचारा दोनदा म्हणाला, ‘भाऊ, ब्रेकच्या टाकीत हवा भरली की थांबतो.’ मला वाटलं याला काय कळतंय. मी चेंबर (खालची ऑइलची टाकी) उतरवलं, बेरिंगच्या कॅप खोलल्या. मेटल आरशासारखं. उस्ताद परत आले, चेंबर बसवून घेतलं, ऑइल भरलं, दुपारी इंजिन चांगलं गरम केलं आणि मला म्हणाले, ‘बारक्या, टाकीची हवा सोड.’ टाकी रिकामी झाली, चालू इंजिनातून ठक-ठक सुरू. हवेचा काटा आठ किलोवर गेला, टाकी भरली की कॉम्प्रेसरवरचा भार काढणाऱ्या अनलोडरने फुस्स केलं, ठक-ठक बंद.

एअर कॉम्प्रेसरच्या रॉडचं बेरिंग गेलं होतं. कॉम्प्रेसर गिअरवर इंजिनालाच जोडलेला, म्हणून आवाज ब्लॉकमधून येतोय असं वाटायचं. ब्रेकच्या लाइनीला बारीक गळती होती, रात्रभरात टाकी रिकामी व्हायची. सकाळी हवा भरायला लागणारा वेळ आणि इंजिन कोमट व्हायला लागणारा वेळ नेमका सारखा. आवाजाचा थंडीशी काडीचा संबंध नव्हता, फक्त वेळ जुळत होती. तेव्हापासून सकाळच्या प्रत्येक आवाजासोबत मी हवेचा काटाही लिहून ठेवतो.

फॅनचंही असंच. व्हिस्कस क्लच (फॅनला गरजेपुरता जोडणारा ऑइलचा क्लच) असलेल्या गाडीत रात्री सिलिकॉन ऑइल क्लचच्या आत उतरून बसतं, सकाळी फॅन एक-दोन मिनिटं विमानासारखा गरजतो आणि मग सुटतो. ते ठीक आहे. बेल्टची किंचाळी, सेल्फचा दात फ्लायव्हील रिंगवर घासल्याची घरघर, हे एकदा ऐकलं की विसरत नाही. नुसतं टक्-टक् होऊन इंजिन फिरलंच नाही तर सेल्फ खोलायची घाई करू नका. दोन बॅटऱ्यांचे २४ व्होल्ट असतात, ते सेल्फ मारताना १९ च्या खाली जात असतील तर आधी बॅटरी आणि तिची टोकं बघा.

बीएस-सहाच्या, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या, गाड्यांनी नवे घोटाळे आणलेत. इंजिन थंड असताना कॉम्प्युटरच आरपीएम वाढवतो, ते बिघाड नव्हे. गाडी बंद केल्यावर धूर साफ करणाऱ्या युरियाचा पंप थोडा वेळ गुणगुणतो, लाइनीतला युरिया परत टाकीत ओढून घेत असतो. युरिया उणे ११ अंशाला गोठतो, म्हणून. आवाज थांबायच्या आत बॅटरीचा कटऑफ मारू नका.

आणि आपली गाडी उत्तरेला जाणार असेल तर जानेवारीत द्राक्षं भरतानाच ड्रायव्हरला एक सांगून ठेवा. नाशिकला टाकी फुल करून काश्मीरकडे जायचं नाही. डिझेलमध्ये मेण असतं, ते थंडीत गोठतं आणि फिल्टर तुंबवतं. गाडी चालू होते, भुकभुकते, बंद पडते आणि ड्रायव्हर फोनवर सांगतो की इंजिन वेगळाच आवाज करतंय. इंजिन उपाशी असतं, बाकी काही नाही. जाताना पुढच्या पंपांवर तिकडचं हिवाळी डिझेल घेत राहायचं. लडाखसाठी तर इंडियन ऑइलने २०१९ पासून उणे ३३ अंशाला गोठणारं वेगळं डिझेल दिलंय. टाकीखाली शेकोटी पेटवणारे ड्रायव्हर अजून आहेत, त्यांना हात जोडून नाही म्हणा. इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत घेणाऱ्या नळीत, हीटर असलेल्या इंजिनात ते चटकन चालू व्हावं म्हणून ईथरचा स्प्रे मारणाऱ्यालाही. हीटरच्या तापलेल्या जाळीवर ईथर इनटेकमध्येच पेटतो.

अशा लांबच्या गाड्यांचे आवाज आता व्हॉट्सॲपवर येतात. फोनच्या माइकला खालचा जड आवाज नीट पकडता येत नाही, त्यामुळे प्रत्येक इंजिन टॅपेटसारखं वाजतं. मी रेकॉर्डिंगवर मत देत नाही. व्हिडिओ मागतो, त्यात मीटरचे काटे दिसले पाहिजेत आणि शूटिंग सेल्फ मारायच्या आधी सुरू झालं पाहिजे.

परवा पिंपळगावच्या एका गाडीसाठी पहाटे साडेपाचला गेलो. धुक्यात हेडलाइट लावून ट्रक घुरघुरत उभा. ड्रायव्हर चहाचा ग्लास पुढे करत म्हणाला, ‘या मिस्तरी, तुमच्यासाठी गरम करून ठेवलीय.’ चहा घेतला आणि चावी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं.