रस्त्यावरच्या कॅन्डिड फोटोंवर मत कसं द्यावं आणि कसं घ्यावं

‘मनाला भावला तो चांगला फोटो’ हा सल्ला आधी विसरा. त्याने आजवर कुणाचा फोटो सुधारलेला मी पाहिला नाही. ‘रूल ऑफ थर्ड्स पाळा’, म्हणजे चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग करून विषय त्या रेषांवर ठेवा, हेही तसंच. तुळशीबागेत ओढणीचा भाव करणाऱ्या बाईला तुमच्या रेषेवर येऊन उभं राहायला वेळ नसतो.

पाच-सहा फोटो निवडा आणि छापून आणा. ४ × ६ इंची साधी प्रिंट पुरते. मोबाइलवर दिलं की लोक बोटांनी झूम करून डोळे शार्प आहेत का एवढंच तपासतात. बघायला तीन-चार जण बोलवा, त्यातला एक तरी कधीच कॅमेरा न धरणारा असू द्या.

आता अवघड भाग. प्रिंट टेबलावर ठेवली की काढणाऱ्याने गप्प बसायचं. कुठे काढला, किती वेळ थांबलो, पाऊस केवढा होता, काही म्हणजे काही सांगायचं नाही. हे मला जमायला फार काळ गेला, आणि माझ्यासोबत बसणाऱ्या बहुतेकांना अजून जमत नाही. रस्त्यावर फोटो काढताना आपल्याजवळ बरंच काही असतं: गोंगाट, वास, कुणी हटकेल ही धाकधूक, तासभर ताटकळून हाती लागलेला क्षण. कॅमेऱ्याने त्यातला सेकंदाचा अडीचशेवा भाग घेतलेला असतो. बाकी काय उतरलं आणि काय रस्त्यावरच राहिलं, हे आपल्याला दिसूच शकत नाही, कारण आपल्याला सगळंच आठवतं. बघणाऱ्याला काहीच आठवत नाही. तो हवा असतो तो त्यासाठीच. ‘हे आजोबा ना, रोज इथेच बसतात, बायको गेल्यापासून…’ एवढं तुमच्या तोंडून निघालं की खेळ संपला. मग समोरचे आजोबांबद्दल हळहळतात, आणि फोटोबद्दल कुणीच बोलत नाही.

काहींनी यावर काळाचा इलाज केला. न्यूयॉर्कचा रस्त्यावरचा फोटोग्राफर गॅरी विनोग्रँड काढलेले फिल्मचे रोल मुद्दाम वर्ष-वर्ष धुवायचा नाही. काढतानाचा उत्साह ओसरल्याशिवाय निवड करायची नाही, हे त्याचं म्हणणं. १९८४ मध्ये तो गेला तेव्हा सुमारे २,५०० रोल न धुतलेले निघाले. इतकं ताणायला नको, पण काल काढलेला फोटो आज मतासाठी आणू नका. महिनाभर पडू द्या.

गप्प बसणं म्हणजे चेहराही गप्प. कुणी मनासारखं बोललं की आपली मान डोलते, आणि पुढचा माणूस नकळत तेच पुढे ओढतो. म्हणून खाली बघून लिहीत बसा. लोक बोलतात तेच शब्द उतरवा, तुम्हाला कळलेला अर्थ नको. तिघांपैकी दोघांची नजर आधी मागच्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर गेली, तर तुमच्या फोटोचा विषय ती खुर्ची आहे. ‘पण मला तर ती मुलगी…’ हे मनात ठेवा. सगळ्यांचं बोलून झालं की एकच प्रश्न विचारायची मुभा आहे, तोही ‘डावीकडचा हात दिसला का?’ असा. ‘आवडला का?’ विचारलंत की खोटी उत्तरं मिळतात.

आणखी एक आपल्याकडचा खास अडथळा: ‘सर’. कंपूतले ज्येष्ठ आधी बोलले की उरलेल्यांचं मत तिथेच मरतं. सरांना शेवटी बोलायला सांगा. रागावले तर रागावू देत.

मत देणाऱ्याचं काम त्यामानाने सोपं आहे. आधी नजर कुठे गेली, मग कुठे अडकली, फ्रेमच्या बाहेर कुठून निसटली, हे त्याच क्रमाने सांगा. आवड-नावड नंतर. ‘बॅकग्राउंड डिस्टर्बिंग आहे’ याचा काही उपयोग नाही. ‘हमालाच्या डोक्यातून दिव्याचा खांब उगवलाय’ याचा आहे. त्यावर ‘अर्धं पाऊल सरकायचं होतंस’ म्हणण्याआधी मात्र मागची-पुढची क्लिक मागून घ्या. फोटो काढणारा सरकला होता आणि तेवढ्यात हमाल वळून गेला, असंही असतं. मला विचाराल तर त्या शेजारच्या फ्रेमा बघण्यात खरं शिक्षण आहे. बऱ्याचदा चांगला फोटो तिथेच, निवडीतून गळून पडलेला असतो.

क्रॉप, म्हणजे फोटोच्या कडा कापणं, सुचवायला लाजू नका. फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ क्रॉप करण्याच्या विरोधात होता, हे ऐकवणारे त्याच्या १९३२ च्या पॅरिसमधल्या साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाच्या फोटोबद्दल बोलत नाहीत. तो कुंपणाच्या फटीतून काढलेला आहे आणि कापलेला आहे. तसंच ब्लरचं. फोटोग्राफर रघु राय यांच्या चर्चगेट स्टेशनच्या १९९५ च्या फोटोत अख्खी गर्दी धूसर वाहते आणि पेपर वाचणारे तेवढे स्थिर. हललाय म्हणून नापास करायचं, तर हाही नापास.

सुरकुत्यांना मात्र मी सहजी मार्क देत नाही. पालख्या पुण्यात आल्या की कपाळी गंध लावलेल्या वृद्ध चेहऱ्यांचे शेकडो क्लोज-अप निघतात. त्यात चेहरा त्या माउलीचा असतो, फोटोग्राफरचं काय असतं? वारकऱ्याच्या हातातला मोबाइल हा विनोदही आता जुना झाला.

फुटपाथवर झोपलेला माणूस, नशेत पडलेला, उघड्यावर आंघोळ करणारं पोर: असा फोटो आला की मी कंपोझिशनवर, म्हणजे चौकटीतल्या मांडणीवर, बोलत नाही. हा माणूस आत्ता या टेबलाशी येऊन बसला असता तर प्रिंट पालथी घातली असती का, एवढं विचारतो. घातली असती, तर तो फोटो बाजूला. इथे ‘पण लाइट काय सुंदर आहे’ चालत नाही.

घरी गेल्यावर त्याच रात्री काही बदलू नका, कुणाशी मनातल्या मनात भांडू नका. दोन-चार बैठकांच्या नोंदी साठल्या की एकत्र वाचा. वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या फोटोंवर तेच म्हटलं असेल, तर ती तुमची सवय आहे. समजा, सगळीकडे माणसांचे पाय घोट्याशी कापले जातायत. मग पुढच्या वेळी लक्ष्मी रोडवर फक्त पाय बघत फिरा. पाय जमले की खांबांचं बघू.