हळद काढणीच्या हंगामात गुडघे कसे सांभाळावेत : सांगली जिल्ह्यातील शेतकरी व शेतमजुरांसाठी सल्ला

मिरज, वाळवा, पलूस, कडेगाव आणि तासगाव तालुक्यांत हळदीचा पाला पिवळा पडून लोळू लागला की जानेवारी ते मार्च या काळात काढणीची धांदल सुरू होते आणि नेमक्या याच दिवसांत ऊसतोडही जोरात असल्यामुळे माणसे मिळणे अवघड होऊन बसते. आठ-नऊ महिने पोसलेल्या पिकाच्या कंदाला कुदळ लागू नये, जेठा गड्डा (मुख्य खोडाखालचा मोठा कंद) आणि हळकुंड (त्याला फुटलेले बोटासारखे कंद) एकत्र शिजू नये, माल फडात पडून राहू नये, याची आपण डोळ्यांत तेल घालून काळजी घेतो. तो कंद वेचणाऱ्या, झाडणाऱ्या आणि मोडणाऱ्या बाईच्या गुडघ्यांचा मात्र या नियोजनात कुठेही विचार नसतो. होळीपर्यंत गावातल्या निम्म्या बायका जिना चढताना कठड्याला धरून चढू लागतात आणि ‘वय झालं’ एवढ्यावर तो विषय संपतो. तिशी-पस्तिशीतल्या बाईच्या दुखण्याला वय जबाबदार धरणे मला मान्य नाही, म्हणून हा सल्ला.

गुडघा पूर्ण दुमडून उकिडवे बसल्यावर गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर घट्ट दाबली जाते, आतल्या कुर्चेच्या गाद्यांचा मागचा भाग चिमटला जातो, आणि त्या स्थितीतून उठताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. हातात भरलेली पाटी असेल तर तो आणखी वाढतो. असे बसणे दिवसातून थोडा वेळ झाले तर निरोगी गुडघा ते सहज सोसतो, परंतु वर्षानुवर्षे रोज कित्येक तास उकिडवे किंवा गुडघे टेकून काम करणाऱ्यांमध्ये सांध्याची झीज अधिक आढळते, ही गोष्ट वैद्यकशास्त्रात मान्य झालेली आहे. थंडीमुळे सांधा झिजत नाही. पौषातल्या पहाटे स्नायू आखडलेले असतात आणि दुखणे जास्त जाणवते, इतकेच. म्हणून फडात उतरल्याबरोबर खाली न बसता पहिली पाच-दहा मिनिटे बांधावरून चालावे, पाट्या-पोती जागेवर लावण्याची उभ्याची कामे आधी उरकावीत आणि मग बसावे.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे गुडघा दुमडलेल्या अवस्थेतले तास मोजणे, आणि ते केवळ शेतातले मोजून भागत नाही. पहाटे धारेला उकिडवे, मग चुलीपुढे भाकरी थापायला खाली, फडात सहा-सात तास कंद मोडत, संध्याकाळी पुन्हा धार, भांडी आणि चूल, अशी बेरीज केली तर पुष्कळ बायकांचा गुडघा जागेपणातला निम्म्याहून अधिक वेळ दुमडलेलाच असतो. गुडघ्याला घरचे बसणे आणि रानातले बसणे वेगळे कळत नाही. त्यामुळे काढणीच्या दोन-तीन महिन्यांत घरातले बसणे कमी करणे हा उपचाराचाच भाग समजावा. गॅस ओट्यावर असेल तर भाकरी उभ्याने थापावी, धार काढताना बुडाखाली बुटके स्टूल घ्यावे, भांडी मोरीत बसून घासण्याऐवजी उंचावर ठेवून घासावीत, आणि दुखणे जुने असेल तर शौचालयात खुर्चीवजा भांड्याची सोय करावी. धार आणि पाणी या दोन कामांचा भार या काळात घरातल्या पुरुषांनी उचलला, तर कोणत्याही मलमापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

फडातला सर्वांत मोठा बदल कंद मोडण्याच्या आणि निवडण्याच्या जागेत करता येतो. काढलेले गड्डे जागच्या जागी बसून मोडण्याऐवजी बांधाकडेला आणावेत, दोन रिकाम्या ड्रमवर फळ्या टाकून कमरेच्या उंचीचा ओटा करावा आणि माती झाडणे, जेठे गड्डे, बगल गड्डे (बाजूच्या फुटव्यांखालचे कंद) व हळकुंडे वेगळी करणे ही कामे तिथे उभ्याने करावीत. वाहतूक थोडी वाढते हे खरे, पण माल एकाच ठिकाणी गोळा होत असल्याने पुढे शिजवणीला नेताना तो वेळ बऱ्याच अंशी भरून निघतो. जिथे खाली बसणे टळतच नाही, तिथे वीतभर उंचीचा पाट किंवा पाला घट्ट भरलेले गोणपाट बुडाखाली घेतले तरी गुडघा शेवटपर्यंत दुमडत नाही. एक गुडघा जाड गादीवर टेकून दुसरा पाय पुढे ठेवावा आणि थोड्या वेळाने पाय बदलावा. अर्ध्या तासाने सर्वांनी एकदम उठून दोन मिनिटे पाय मोकळे करावेत. एकटी बाई उठली तर तिला कामचुकार म्हणतात, म्हणून हा नियम टोळीचा असावा आणि तो मालकानेच घालून द्यावा. उक्त्या कामात कुणी उसंत घेत नाही, त्यामुळे मजुरी ठरवतानाच ही विश्रांती धरून बोलणी करणे योग्य होईल.

उकिडव्या बसण्याचा आणखी एक धोका फारसा कुणाला ठाऊक नसतो. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी नस बराच वेळ दबली तर पायाला मुंग्या येतात आणि पुढे पाऊल वर उचलता येत नाही, चप्पल निसटते. हा विकार स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या मजुरांच्या नावानेही ओळखला जातो, त्यामुळे शेजारच्या महाबळेश्वर, वाई आणि जावळीकडच्या बागायतदारांनीही याकडे लक्ष द्यावे.

खणणाऱ्या पुरुषांचे गुडघे कडक जमिनीत अधिक दुखावतात. काळी जमीन तडकून घट्ट झाली असेल तर हलके पाणी देऊन वापशावर, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसलेली असताना, काढणी करावी आणि शक्य असेल तिथे ट्रॅक्टरच्या काढणी यंत्राने गड्डे उकरून घ्यावेत. पाटी काठोकाठ भरू नये, पोते दोघांनी उचलावे, आणि वळताना गुडघा पिळू न देता आधी पाऊल फिरवावे. ऊसतोड मजुरांना हेच अधिक लागू पडते, कारण डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढताना पाय घसरला तर गुडघ्यातले बंध एका क्षणात तुटू शकतात. फळी रुंद व आडव्या पट्ट्या ठोकलेली असावी आणि मोळी आटोपशीर बांधावी.

मांडीचा पुढचा स्नायू बळकट असेल तर सांध्यावरचा भार तो वाटून घेतो. खाटेवर बसून एक पाय गुडघ्यात सरळ करावा, ५ ते १० सेकंद ताठ धरावा आणि सावकाश खाली आणावा, असे प्रत्येक पायाने १० वेळा, दिवसातून दोन-तीनदा करावे. उताणे झोपून सरळ पाय वीतभर उचलून धरण्याचा व्यायामही तितकाच उपयोगी आहे. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून पुढच्या वर्षी ही सुरुवात दिवाळीनंतर लगेच करावी. वजन जास्त असल्यास ते एक किलोने उतरले तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो.

ताज्या सुजेवर पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेल्या बर्फाने १५ मिनिटे शेकावे आणि जुन्या आखडलेल्या गुडघ्याला गरम शेक द्यावा. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी गरम शेक टाळावा. मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी नुसत्या चहावर घेऊन उन्हात राबण्याची सवय मात्र मोडायला हवी, कारण अंगात पाणी कमी असताना अशा गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात, आणि रक्तदाब किंवा पोटातल्या व्रणाचा त्रास असणाऱ्यांना त्या अधिकच बाधतात. डायक्लोफेनॅकचे मलम त्या मानाने सुरक्षित आहे. नाव-गाव नसलेल्या पुड्या तर घेऊच नयेत. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते, ज्याने चार दिवस बरे वाटते आणि नंतर साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात.

गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, पडल्यानंतर पाय टेकवेना, सांधा मध्येच अडकून सरळ होईना, पोटरी एकाएकी सुजली किंवा पाऊल लोंबू लागले, तर काढणी उरकण्याची वाट न पाहता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा सांगली-मिरजेच्या शासकीय रुग्णालयात जावे. जाताना आतापर्यंत घेतलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत आणि दिवसातले किती तास खाली बसून काम होते हे डॉक्टरांना आपणहून सांगावे.