स्टेन्ड ग्लासचा छंद : खानदेशात घरच्या घरी पहिली चौकट कशी करावी

स्टेन्ड ग्लासमध्ये रंग काचेच्या अंगातच असतो. काच वितळलेली असतानाच तिच्यात कोबाल्ट मिसळले की ती निळी होते, तांब्यामुळे भट्टीतील परिस्थितीनुसार हिरवा किंवा लाल रंग येतो आणि सोन्याच्या अत्यल्प अंशाने गुलाबी छटा येते. अशा काचेचे तुकडे हव्या त्या आकारात कापायचे आणि धातूच्या रेषांनी एकमेकांना जोडायचे, हे या कलेचे मूळ काम आहे. साध्या काचेवर काळी नक्षी काढून आत रंग भरण्याचे जे संच बाजारात मिळतात, तो वेगळा छंद आहे. त्यात काहीही कमी नाही, पण त्यातून काच कापायला आणि डाख (सोल्डर) द्यायला, म्हणजे वितळलेल्या धातूने सांधायला, शिकता येत नाही.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलेले नाही, त्यांनी पुढच्या मुंबईवारीत थोडा वेळ राखून ठेवावा. भुसावळ किंवा जळगावहून गाडी थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोचते आणि १८८८ मध्ये पूर्ण झालेल्या त्या इमारतीतच रंगीत काचेच्या खिडक्या आहेत. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्याखालील ग्रंथालयात आणि कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्येही हे काम पाहायला मिळते. तेथे चित्रापेक्षा रेषांकडे लक्ष द्यावे. कोणतीही काळी रेषा मध्येच संपत नाही, ती दुसऱ्या रेषेला किंवा चौकटीला जाऊन मिळते, कारण प्रत्येक रेषा हा दोन तुकड्यांमधला सांधा असतो. हे एकदा डोळ्यांत ठसले की स्वतःचे चित्र आखताना निम्म्या चुका टळतात.

जोडणीच्या दोन पद्धती आहेत. युरोपातील जुन्या चर्चमध्ये शिशाच्या पट्ट्या वापरल्या जात. या पट्ट्यांना दोन्ही बाजूंना खाच असते आणि काच त्या खाचेत बसवतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये लुई कम्फर्ट टिफनी यांच्या कारखान्यातील दिव्यांमुळे दुसरी पद्धत गाजली. तिच्यात प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पातळ, चिकट पट्टी गुंडाळतात आणि मग तुकडे डाखाने जोडतात. नवशिक्याने तांब्याच्या पट्टीपासूनच सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिला जागा कमी लागते, लहान तुकडे नीट धरून ठेवता येतात आणि कापण्यात राहिलेला बारीकसा फरक डाखाखाली झाकला जातो.

साहित्य

काच कापण्यासाठी आपल्याकडचे काचवाले हिरकणी वापरतात, पण वळणदार रेषांसाठी कठीण धातूचे बारीक चाक आणि मुठीत तेल भरण्याची सोय असलेले कटर अधिक सोयीचे पडते. त्यात शिलाई मशीनचे तेल चालते. त्याशिवाय दोन पकडी लागतात. एक रेषेवर दाब देऊन काच उघडणारी, म्हणजे त्या रेषेवर मोडणारी, जिला रनिंग प्लायर म्हणतात, आणि दुसरी कडेचे दात खुडणारी ग्रोझर पकड. कडा घासण्याचे विजेचे यंत्र पहिल्याच महिन्यात घेण्याची गरज नाही. हत्यारांना धार लावण्याचा खरखरीत दगड पाण्यात भिजवून वापरला तरी काम भागते. कोरडी काच मात्र कधीही घासू नये, कारण तिची पूड श्वासाबरोबर छातीत जाते.

डाखासाठी रेडिओ दुरुस्तीची २५ वॅटची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) पुरत नाही. ८० ते १०० वॅटची, चपट्या टोकाची इस्त्री घ्यावी. डाखाची तार ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असलेली, भरीव असावी. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणाऱ्या तारेच्या पोटात राळ भरलेली असते आणि ती काचेवर चिकट डाग सोडते. ६०-४० ची तार सुमारे १८३ अंश सेल्सिअसला मऊ होऊ लागते, १९० च्या आसपास पूर्ण वितळते आणि चटकन गोठते, म्हणून रेषेला गोलाई छान येते. इस्त्रीचे टोक काळे पडले की ते नवसागराच्या वडीवर घासावे. कल्हईवाला भांडे चकचकीत करण्यासाठी जो नवसागर वापरतो, तोच येथेही उपयोगी पडतो.

रंगीत काच आपल्या भागात सहज मिळत नाही. ती मुंबईहून किंवा ऑनलाइन मागवावी लागते. मागवताना ३० सेंटिमीटर चौरसाचे तुकडे घ्यावेत, म्हणजे प्रवासात फुटण्याचा धोका कमी राहतो. सुरुवातीला धुळे, नंदुरबार, जळगाव अशा कोणत्याही गावातील फ्रेमवाल्याकडे साध्या काचेची कात्रणे मागावीत. बहुतेक जण ती फेकूनच देतात. सरावासाठी याहून चांगले साहित्य नाही.

कापण्याचा सराव

या छंदातील खरे कौशल्य कापण्यात आहे. डाख दोन-तीन बैठकांत जमतो, पण कापणारा हात तयार व्हायला आठवडे लागतात. म्हणून रंगीत काच विकत घेण्याची घाई करू नये आणि साध्या काचेवर आखलेली रेषा दहापैकी नऊ वेळा जशीच्या तशी उघडेपर्यंत सराव चालू ठेवावा.

काच सपाट पाटावर, वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्यांवर ठेवावी आणि पुसून स्वच्छ करावी. काचेची एक बाजू खडबडीत असेल तर गुळगुळीत बाजू वर घ्यावी. कटर सरळ उभे धरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न थांबता, सारख्या दाबाने रेषा ओढावी. दाब योग्य असला की बारीक, सलग आवाज येतो आणि काचेवर केसाएवढी चमकदार रेष उमटते. रेषेच्या कडेला पांढरी पूड उडाली तर दाब जास्त झाला, आणि आवाजच आला नाही तर कमी पडला, असे समजावे. एकदा ओढलेल्या रेषेवरून कटर पुन्हा फिरवू नये. त्याने चाक बोथट होते आणि काच भलतीकडे फुटते.

कटर खरे तर काच कापत नाही. ते तिच्या पृष्ठभागावर सूक्ष्म चीर पाडते आणि आपण दिलेल्या ताणाने ती चीर खालपर्यंत उतरते. म्हणूनच रेषा ओढल्यावर काच लगेच उघडावी. रेषेच्या दोन्ही बाजूंना अंगठे वर आणि वळलेल्या मुठी खाली ठेवून, पापड मोडताना मनगटे बाहेर वळतात तशी ती वळवावीत. तुकडा अरुंद असेल तर हाताऐवजी पकड वापरावी. आत खोल वळणारी रेषा एका झटक्यात कधीच निघत नाही. आधी कडेकडून उथळ वळणे काढत जावे आणि शेवटी मूळ रेषेला पोचावे. आतल्या बाजूला काटकोनी कोपरा असलेला तुकडा तर साध्या कटरने निघणारच नाही, म्हणून तो आराखड्यातच टाळावा.

पहिले चित्र : केळीचे पान

रावेर-यावल भागात राहणाऱ्याला पहिल्या चित्रासाठी शोधाशोध करावी लागणार नाही. केळीच्या पानाच्या बाहेरच्या कडा सौम्य फुगीर असतात, मधला दांडा ही तयार सांध्याची रेषा असते आणि वाऱ्याने फाटलेल्या पानाच्या चिरा जेथे पडतात, तेथेच तुकडे पाडता येतात. २० बाय ३० सेंटिमीटरच्या चौकटीत दांड्याच्या प्रत्येक बाजूला तीन तुकडे करावेत आणि दोन-तीन हिरव्या छटा आलटून पालटून वापराव्यात.

अडचण पानात नसून पार्श्वभूमीत आहे. पानाची कड जेथे बाहेर फुगते, तेथे शेजारची काच आत वळते. सगळी पार्श्वभूमी एकाच तुकड्यात कापायला गेल्यास ती फुटणारच. यावर उपाय म्हणजे पानाच्या प्रत्येक चिरेपासून आणि दांड्याच्या दोन्ही टोकांपासून चौकटीपर्यंत एक रेषा बाहेर न्यावी. असे सहा तुकडे केले की प्रत्येकाचे वळण उथळ राहते, आणि चित्रालाही पानावर पडणाऱ्या किरणांसारखी एक दिशा मिळते.

चित्राच्या दोन प्रती काढाव्यात, तुकड्यांना क्रमांक द्यावेत आणि काचेचा पोत ज्या दिशेने जातो तिचा बाण करावा. एक प्रत पाटावर चिकटवावी आणि दुसरीचे तुकडे कापून काचेवर लावावेत. दोन तुकड्यांमध्ये तांब्याच्या पट्टीसाठी सुमारे पाऊण मिलिमीटर जागा सोडावी लागते, त्यामुळे काच रेषेच्या आतून कापलेली बरी.

रंग निवडताना खानदेशातील उन्हाचा विचार करावा. पश्चिमेच्या खिडकीत फिक्या पारदर्शक काचा दुपारी अक्षरशः धुऊन निघतात आणि रंग जाणवतच नाही. तेथे गडद हिरवा, गडद निळा आणि मधाचा पिवळा शोभतो. दुधी छटेची काच दिव्याच्या शेडसाठी ठेवावी.

पट्टी, डाख आणि धुणे

कडा ओल्या दगडावर घासून तुकडे साबणाने धुवावेत आणि पूर्ण कोरडे करावेत. तेलाचा अंश राहिला तर पट्टी सुटते. ३ मिलिमीटर जाडीच्या काचेला सुमारे साडेपाच मिलिमीटर रुंदीची पट्टी लागते. काच पट्टीच्या बरोबर मध्यावर यावी, म्हणजे दोन्ही अंगांना सारखी कड दुमडेल. ही कड कमी-जास्त झाली तर पुढे डाखाची रेषा वाकडी दिसते आणि मग ती कशानेही सुधारत नाही. टोके थोडी एकमेकांवर आणून लाकडी चपट्या काडीने पट्टी घट्ट दाबावी. उरलेली पट्टी हवाबंद पिशवीत, थंड जागी ठेवावी. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना तिचा गोंद मऊ पडतो आणि उघड्या हवेत तांबेही काळवंडते.

तुकडे पाटावरील चित्रावर मांडून बाहेरून लाकडी पट्ट्या आणि खिळे ठोकून चौकट पक्की करावी. तांब्यावर ब्रशने फ्लक्स (डाख तांब्याला नीट धरावा म्हणून लावायचे द्रव्य) लावावा, आधी सांध्यांवर थेंब-थेंब डाख देऊन तुकडे जागेवर बसवावेत आणि मगच सलग रेषा भरावी. इस्त्री घासायची नसते, ती सावकाश पुढे न्यायची असते. वितळलेला डाख तिच्या मागे आपोआप भरत जातो आणि गोल कड धरतो. एकाच जागी फार वेळ थांबल्यास काच तडकते. मग चौकट उलटून दुसरी बाजू भरावी आणि शेवटी बाहेरच्या कडांना डाखाचा पातळ लेप द्यावा. पंख्याचा झोत डाखावर येऊ नये आणि फ्लक्सचा धूर मात्र बाहेर जावा, यासाठी खिडकी उघडी ठेवून सकाळी लवकर बसणे उत्तम. उन्हाळ्यात संध्याकाळी विजेचा दाब उतरला की इस्त्री पुरेशी तापत नाही, हाही सकाळी बसण्याचा फायदा आहे.

शिशाबाबत ढिलाई करू नये. काम करताना खाणे-पिणे, तंबाखू पूर्ण बंद ठेवावे, उठल्यावर हात साबणाने धुवावेत, आणि हे काम स्वयंपाकघरात किंवा लहान मुले रांगतात त्या खोलीत करू नये. गरोदर स्त्रियांनी शिशाचा डाख हाताळू नये. शिसे नसलेली तार मिळते. ती महाग असते आणि तिला अधिक तापमान लागते, पण घरात लहान मुले असतील तर तीच घ्यावी. डोळ्यांवर चष्मा आणि पायांत बंद चपला या दोन गोष्टींना पर्याय नाही. पाटावरची काचेची कणी हाताने न पुसता ब्रशने गोळा करावी आणि जाड पुठ्ठ्यात बांधून टाकावी, म्हणजे कचरा उचलणाऱ्याचा हात कापणार नाही.

तयार चौकट त्याच दिवशी भांड्यांच्या साबणाने धुवावी, नाहीतर फ्लक्स डाखावर पांढरा थर धरतो. चंदेरी रेषेला तांब्याचा रंग द्यायचा असेल तर कृषी केंद्रात मिळणाऱ्या मोरचुदाचे पाण्यातील द्रावण कापसाने चोळावे. ते विषारी आहे, म्हणून हातमोजे घालावेत आणि त्यासाठी वापरलेले भांडे पुन्हा घरात वापरू नये. नंतर चौकट पुन्हा धुऊन, सुकवून तिला गाडीचे मेण लावावे.

टांगण्याची कडी तांब्याच्या तारेची करावी आणि जेथे एखादा सांधा कडेला मिळतो तेथेच ती डाखाने बसवावी. नुसत्या कडेवर लावलेली कडी वजनाने पट्टीसकट निघून येते. वळवाच्या वादळात खिडकीचे दार आपटते, म्हणून चौकट दारावर न टांगता खिडकीच्या वरच्या लाकडी चौकटीला दोन साखळ्यांनी टांगावी.

त्यानंतर लगेच दिव्याच्या शेडकडे वळू नये, कारण तिरप्या आणि गोल जोडणीत डाख ओघळतो. आधी सरळ रेषांची एखादी चौकट शिशाच्या पट्टीत करून पाहावी. त्या पद्धतीत पट्टी वापरण्यापूर्वी दोन्ही टोकांनी ओढून ताणून घेतात, डाख फक्त सांध्यांवर देतात आणि काच व शिसे यांच्यातील फट जवसाचे तेल व खडूची पूड मळून केलेल्या लांबीने भरतात. ही लांबी वाळेपर्यंत चौकट काही दिवस आडवीच ठेवावी लागते.