चित्रापुढे जरा वेळ थांबा

बडोद्याच्या लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या महाराजा फतेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. सगळी बघायचा हट्ट धरू नका. एकच निवडा आणि वीस मिनिटं तिथेच थांबा. पहिली पाच मिनिटं कंटाळा येतो, येऊ द्या. मग चेहरा सोडून हात बघा, पदर बघा. मला तिथे एका नऊवारीचा काठ बघताना आजीच्या ट्रंकेतला डांबरगोळ्यांचा वास आला होता. संग्रहालयात, भर दुपारी!

घरी आल्यावर जुना अल्बम काढा. फोटो काळ्या कागदाला चिकटले असतील तर ओढू नका. मी एकदा ओढला, काकांचा अर्धा कान गेला. खिडकीपाशी बसून आधी माणसांमागचं बघा. आमच्या दांडिया बाजारच्या घरातला माझा मुंजीचा फोटो मी शंभरदा पाहिला असेन. परवा पहिल्यांदा दिसलं, की मागे दारात आई उभी आहे, हातात पळी, फोटोत यायला तिला कुणी बोलावलंच नव्हतं. मीही नाही.

वहीत दोन रकाने करा: 'दिसतंय ते' आणि 'आठवतंय ते'. दुसऱ्यात आपण बरीच भर घालतो, म्हणून वेगळे. नावं फोटोमागे मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं लिहा. बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. आणि ओळखणारं कुणी हयात असेल तर त्यांना आजच फोन करा.